आठ इंची आरसा, सहावा आठवडा : टेकाड आणि घमेलं

दुर्बिणीसाठी काचेचा आरसा घासतोय. सीरियम ऑक्साइडवर, म्हणजे पॉलिशच्या भुकटीवर, अकरा तास झाले. मधला भाग लखलखीत झालाय, कडेला अजून करडी झाक आहे. शनिवारी फुको टेस्ट (सावल्यांवरून आरशाचा आकार तपासायची चाचणी) लावली तर मध्यावर चक्क टेकाड! पिच (पॉलिशच्या अवजारावरचा डांबरासारखा थर) वितळवायलाच घेत होतो, पण आधी चहा घेतला. अर्ध्या तासानं पाहिलं तर टेकाड निम्मं झालेलं. आरसा गरम होता, एवढंच. पुण्यातला मे महिना आणि माझे तळहात.

यावरून एकोणिसाव्या शतकात दुर्बिणी बनवणारा लॉर्ड रॉस आठवला. आयर्लंडमधल्या बर कॅसलच्या या गृहस्थानं घरच्याच भट्टीत 72 इंची आरसा ओतला. काच नव्हे, स्पेक्युलम, म्हणजे साधारण दोन भाग तांबं, एक भाग कथील. काचेसारखा ठिसूळ धातू, वजन सुमारे 3 टन. भट्टीला इंधन पीटचं, म्हणजे दलदलीतल्या वाळवलेल्या कुजक्या पाल्याचं. साच्याचा तळ लोखंडी पट्ट्या उभ्या रचून केलेला: फटींतून वायू निसटावा, धातू गळू नये आणि गोठणं खालून सुरू व्हावं. एप्रिल 1842 मध्ये ओतलेला आरसा थंड करायला सोळा आठवडे. मी सोळा मिनिटं थांबलो नव्हतो.

पॉलिशचं यंत्र वाफेवर चाले आणि त्यात आरसा पाण्याच्या हौदात बसवून फिरवत, तापमान एकसारखं राहावं म्हणून. फुकोची चाचणी यायला अजून दीड दशक होतं. आधीच्या तीन फुटी आरशाच्या वेळी रॉसनं वर उंच खांबावर घड्याळाची तबकडी लावून, तिची प्रतिमा बघत पॉलिश केलं होतं. शिवाय हे सगळं छापून जाहीर केलं. त्याच्या आधीच्या विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञानं आपली पॉलिशची रीत लपवून ठेवली होती. म्हणून मला रॉस जास्त आवडतो.

एवढा जड आरसा स्वतःच्याच वजनानं वाकू नये म्हणून खाली दुर्बिणी बनवणाऱ्या थॉमस ग्रबच्या पद्धतीची तरफांची मांडणी होती. त्याच ग्रब घराण्याच्या कारखान्यातली 20 इंची दुर्बीण पुढे पुण्यात, खगोलशास्त्रज्ञ नायगमवालांच्या वेधशाळेत होती. माझ्या आठ इंचाला तीन टेकू पुरतात. 1845 मध्ये रॉसला एम 51 या दीर्घिकेची सर्पिलं दिसली. मला सध्या फक्त माझ्या आरशाची दबलेली कड दिसते.

आता टेस्टआधी आरसा तासभर घमेल्यातल्या पाण्यात, मग पुसून स्टँडवर आणखी तासभर. रविवारी टेकाड नव्हतं. कड सुधारायला घासायचे स्ट्रोक आखूड केलेत. घमेलं कुठं गेलं म्हणून आई विचारतेय.