ओकेबोके

पुण्यातल्या मामेबहिणीने नव्या फ्लॅटचा हॉल चांगले पैसे मोजून जवळजवळ रिकामा करवून घेतला आहे: एक बुटका सोफा, एक कुंडी आणि पांढऱ्या भिंती. परवा दुपारी मावशी दारातूनच म्हणाली, "छान आहे गं, पण किती ओकंबोकं वाटतंय!" बहीण हिरमुसली, मी मात्र सरबताचा पेला हातात धरून त्या शब्दातच अडकलो.

लहानपणी त्यातला बोका मला खराच वाटे, रिकाम्या घराच्या मधोमध शेपटी गुंडाळून बसलेला. पुढे व्याकरणाच्या तासाला कळले की हा अंशाभ्यस्त शब्द आहे. 'उरला'मागे 'सुरला' येतो, तसा 'ओका'मागे 'बोका' केवळ यमकासाठी आला आहे. मांजर गेल्याचे मला खरोखरच वाईट वाटले. 'खुर्चीबिर्ची' म्हटले की त्या 'बिर्ची'तून टेबल, स्टूल, एखादा पाटही घरात येतो. 'ओकाबोका'तला बोका मात्र होते नव्हते तेही बाहेर काढतो.

तरीही ओकेबोके म्हणजे नुसते रिकामे नव्हे. चाळीतल्या आमच्या खोलीत एक पलंग, एक ट्रंक आणि गुंडाळलेल्या गाद्या एवढेच सामान होते, पण तिला कोणी ओकीबोकी म्हटल्याचे आठवत नाही. विसर्जनानंतर मखर उतरवले की मात्र आजी म्हणे, "घर कसं ओकंबोकं झालं." जिथे काही असायलाच हवे अशी आपली खात्री असते, तिथे ते नसले तरच हा शब्द शोभतो. म्हणून तो लग्न उरकलेल्या मांडवाला चालतो, पानगळीनंतरच्या झाडाला चालतो. मुळातच उजाड असलेल्या माळाला तो कोणी लावत नाही.

आणि तो बाईच्या गळ्याला, मनगटाला चालतो. घराने सजावे आणि बाईनेही सजावे, या दोन्ही अपेक्षांना आजीकडे हा एकच शब्द होता. शेजारच्या काकूंचे यजमान गेले, तेव्हाही ती म्हणाली की त्यांचे हात ओकेबोके झाले. वास्तविक ते झाले नव्हते, चारचौघींनी मिळून केले होते. बांगड्या फोडण्याची, कुंकू पुसण्याची आणि मंगळसूत्र काढण्याची ही रीत बंद करण्याचा ठराव कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने केला, तो मे २०२२ मध्ये.