तुम्ही विचारलंत म्हणून : बॅक्टेरिया वाढला की वाढले?

मी वडोदऱ्यात अनेक वर्षे सूक्ष्मजीवशास्त्र शिकवले, त्यामुळे दांडिया बाजारातले शेजारी विरजणाची वाटी न्यायला आले की हमखास विचारतात, "दह्यात बॅक्टेरिया वाढला म्हणायचं की वाढले?"

वाढले. बॅक्टेरिया हे लॅटिन अनेकवचन आहे. त्याचे एकवचन बॅक्टेरियम, आणि मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ छोटी काठी. मराठीत मात्र घोडा एक आणि घोडे अनेक असल्यामुळे आकारान्त बॅक्टेरिया आपल्या कानाला एकटाच वाटतो. गुजरातीत घोडो एक आणि घोडा अनेक, म्हणून माझे गुजराती विद्यार्थी लॅटिनचा गंध नसतानाही हा शब्द अचूक अनेकवचनी वापरत आणि मराठी घरांतले अडखळत. एका मुलाने तर उत्तरपत्रिकेत 'एक बॅक्टेरियो' लिहिले होते. मी अर्धा गुण कापला खरा, पण त्याचे व्याकरण मला मनातून आवडले होते.

जीवाणू लिहिले तर ही अडचण निम्मी सुटते, कारण लाडू किंवा चाकू यांच्याप्रमाणे तो दोन्ही वचनांत तसाच राहतो आणि वचन क्रियापदावरून कळते. विभक्ती लागली की 'जीवाणूचा' आणि 'जीवाणूंचा' यांतला फरक एका अनुस्वारावर येतो, आणि छापताना नेमका तोच गळतो.

एकवचन कधी वापरावे, हा प्रश्न अधिक खोल आहे. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखने १८८२ मध्ये क्षयाचा जीवाणू शोधल्याचे जाहीर केले, असे आपण लिहितो, तेव्हा एक पेशी नव्हे, तर एक जाती अभिप्रेत असते. रुग्णाच्या फुप्फुसात कोट्यवधी जीवाणू असले तरी ते एकवचन बरोबरच ठरते. पेशीच्या अर्थाने एकवचन क्वचितच लागते. आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जीवाणूची पेशी जेमतेम दोन मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा पाचशेवा भाग, लांब असते आणि अनुकूल परिस्थितीत सुमारे वीस मिनिटांत दुभंगते. पेट्री डिश या उथळ बशीतल्या अगारवर, म्हणजे जीवाणू वाढवायच्या जेलीसारख्या थरावर, दुसऱ्या दिवशी टाचणीच्या डोक्याएवढा पांढरट ठिपका दिसे, तेव्हा विद्यार्थी त्याकडे बोट दाखवून "सर, हा बॅक्टेरिया" म्हणत. ती वसाहत असे, आणि तिच्यात लाखो पेशी असत.

विरजणात तर जातीही एकच नसते, म्हणून शेजाऱ्यांना मी 'वाढले' एवढेच सांगून वाटी हातात देतो.