अण्णांचा तो फोटो कोणत्या सालचा?

आमच्या घरात एका फोटोला ‘अण्णा नोकरीला लागले तेव्हाचा’ असंच नाव आहे. सव्वादोन इंचांचा चौकोनी, काळा-पांढरा. मिरज स्टेशनच्या यार्डात तिघं उभे आहेत. मधे अण्णा, अंगात पांढरा शर्ट, हातात तेलाचा डबा. शेजारी सिग्नलचा खांब, डाव्या कडेला नॅरोगेजच्या, म्हणजे अरुंद रुळांवरच्या छोट्या गाडीच्या, डब्याचा थोडासा भाग, पाठीमागे मालगाडीची एक वाघीण, म्हणजे मालाचा डबा. अण्णा १९६८ साली रेल्वेच्या सिग्नल खात्यात खलाशी, म्हणजे मदतनीस, म्हणून लागले, म्हणून फोटो १९६८चा. यापलीकडे कुणी कधी विचारलं नाही. मीही नाही.

गेल्या दिवाळीत मी तो मोबाईलवर काढून नातेवाइकांना पाठवला. चार महिन्यांनी तोच फोटो फिरत फिरत माझ्याकडे परत आला. कडा कापलेल्या, रंग भरलेले, आणि खाली पिवळ्या अक्षरांत ‘मिरज, १९६०’. १९६० साली अण्णा बारा वर्षांचे होते. मला फार लागलं ते. कुणी मुद्दाम केलं नसणार, पण ज्यानं कात्री लावली त्यानं डाव्या कडेचा डबाच उडवला होता, आणि फोटोतलं सगळ्यात बोलकं अक्षर त्या डब्यावर होतं.

शिवाय फोटो उलटा झाला होता, आरशात दिसतो तसा. हे कळायला दोन खुणा पुरल्या. पहिली साधी: अण्णांच्या शर्टाचा खिसा त्यांच्या उजव्या छातीवर गेला होता. दुसरी सिग्नलची. जुन्या सिग्नलच्या खांबाला पसरलेल्या हातासारखी एक हलणारी पाटी असते. आपल्याकडे ती ड्रायव्हरला खांबाच्या डाव्या बाजूला दिसते. तिची पुढची बाजू लाल, त्यावर पांढरा पट्टा. मागची बाजू पांढरी, त्यावर काळा पट्टा. काळ्या-पांढऱ्या फोटोत लाल रंग गडद उमटतो. म्हणजे गडद पाटीवर पांढरा पट्टा दिसत असेल तर तुम्ही ती समोरून बघताय, आणि पाटी डावीकडेच हवी. परत आलेल्या फोटोत ती उजवीकडे होती. तुमच्याकडच्या जुन्या फोटोंना ही परीक्षा लावून बघा. निगेटिव्ह उलटी धरून प्रिंट काढल्याचे कितीतरी नमुने सापडतील.

रंगाबद्दलही बोलायलाच हवं. रंग भरणाऱ्यानं सिग्नलच्या चष्म्यातली, म्हणजे दिव्यापुढच्या रंगीत काचांच्या चौकटीतली, खालची काच पोपटी हिरवी केली होती. ती काच तशी नसायची. आत रॉकेलचा दिवा, त्याची ज्योत पिवळी. पिवळ्या उजेडापुढे निळसर काच धरली की लांबून हिरवं दिसतं. अशा एका फुटक्या काचेचा तुकडा अण्णांनी घरी आणला होता. कडा घासून गुळगुळीत केलेला, आणि देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवलेला. लहानपणी मी त्यातून दुपारचं अंगण बघायची, सगळं अंगण संध्याकाळसारखं निळं व्हायचं. तीच काच रात्री समईपुढे धरली की ज्योत हिरवी. हे अण्णांनी मला करून दाखवलं तेव्हा मी दुसरीत असेन. म्हणून कृपा करून या फोटोंत रंग भरू नका. रंग भरणाऱ्याला जे माहीत नसतं तेही तो भरून टाकतो, आणि पुढच्याला ते खरं वाटतं.

तर ‘१९६०’ खोडायचं म्हणून मी बसले, आणि खोडता खोडता आमचं १९६८ पण गेलं.

मूळ फोटो स्कॅन केला आणि पडद्यावर मोठा करून पाठीमागची वाघीण बघितली. तिच्या तोंडाला दोन बाजूंना दोन गोल बफर, म्हणजे डब्यांचा धक्का झेलणारे दट्टे, होते. मीटरगेज आणि नॅरोगेजच्या गाडीला बफर एकच असतो, मधोमध. दोन कडांना दोन म्हणजे ब्रॉडगेज, सगळ्यात रुंद रुळांची. आणि मिरजेला ब्रॉडगेज आली १९७१ साली, पुणे-कोल्हापूर मार्ग मीटरगेजचा बदलला तेव्हा. १९६८ साली ही वाघीण मिरजेच्या यार्डात उभी राहूच शकत नव्हती. एवढी वर्षं ती अण्णांच्या खांद्यामागे उभी होती आणि आम्ही सगळे अण्णांचा चेहराच बघत होतो.

ज्यांनी मिरज तेव्हा पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. १९७१ नंतर कितीतरी वर्षं मिरजेत तीन मापांचे रूळ होते. पुण्याकडून कोल्हापूरला जाणारी ब्रॉडगेज, पाच फूट सहा इंची. बेळगाव-लोंढ्याकडे जाणारी मीटरगेज, ती नव्वदच्या दशकापर्यंत टिकली. आणि पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शीवरून लातूरला जाणारी अडीच फुटी छोटी गाडी, जिला जुनी माणसं अजून ‘बार्शी लाईट’च म्हणतात. बार्शी लाईटचा पहिला तुकडा १८९७ साली सुरू झाला. मिरजेपर्यंत ती १९२७ साली पोचली आणि या टोकाला २००८पर्यंत धावली. त्यामुळे मिरजेच्या फोटोत कुठले रूळ आहेत हे बघणं म्हणजे अर्धं काम झालं.

डाव्या कडेच्या छोट्या डब्यावर दोन खुणा आहेत. एक, पांढऱ्या रंगात ‘द. म.’, म्हणजे दक्षिण मध्य रेल्वे. रेल्वेचं हे क्षेत्र झालं २ ऑक्टोबर १९६६ला आणि तेव्हा सोलापूर विभाग मध्य रेल्वेतून काढून त्याला जोडला. बरोबर अकरा वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७७ला, तो परत मध्य रेल्वेकडे आला. छोट्या गाडीचे डबे सोलापूर विभागाचे. दुसरी खूण दाराशेजारी, रोमन आकड्यातले तीन उभे दांडे. तिसरा वर्ग. रेल्वेतला तिसरा वर्ग १९७४ साली गेला, त्या डब्यांना दुसरा वर्ग म्हणायला लागले.

म्हणजे १९७१ ते १९७४? मी तसं लिहूनही टाकलं होतं. पण अण्णांच्याच खात्यातले एक निवृत्त फिटर शेजारच्या गल्लीत राहतात. त्यांना दाखवलं तर त्यांनी मान हलवली. म्हणाले, “ताई, सरकारनं वर्ग रद्द केला म्हणून दुसऱ्या दिवशी कुणी ब्रश घेऊन येतं काय? डबा कारखान्यात जाईल तेव्हा रंग लागणार.” त्यांचं बोलणं मला पटलं आणि तेव्हापासून मी दोन प्रकारच्या खुणा वेगळ्या धरते. नवी वस्तू फोटोत दिसली तर ‘त्याच्या आधीचा नाही’ हे पक्कं. जुनी अक्षरं दिसली तर ‘त्याच्या नंतरचा नाही’ हे कच्चं. रंग रेंगाळतो. आणि लोखंडात ओतलेली अक्षरं तर रंगापेक्षाही चिवट. बार्शी लाईट १ जानेवारी १९५४ला सरकारकडे आली, पण जुन्या कंपनीची अक्षरं असलेली ओतीव पाटी किंवा दिवा एखाद्या फोटोत दिसला म्हणून फोटो १९५४च्या आधीचा होत नाही. रुळावर उठवलेलं साल तर फक्त रूळ कधी बनला ते सांगतं.

सिग्नलनं मला इथे साल दिलं नाही. खांबावरची पाटी खालच्या बाजूला झुकणारी आहे. आडवी असली की थांबा, खाली कलली की या. अशी पाटी मिरजेत आधीही होती आणि नंतरही. पण फोटोत ती कललेली आहे, म्हणजे गाडी यायची आहे आणि या तिघांना फोटोची हौस. आई फोटो बघून हेच पहिलं म्हणाली: “सिग्नल पडलाय की रे, आणि हे उभे राहिलेत!” आमच्या भागात गाडी येणार म्हणजे ‘सिग्नल पडला’. पुढे वर उचलणाऱ्या पाट्या आल्या, मग रंगीत दिवे आले, त्यात पडण्यासारखं काही नाही, तरी तोंडात ‘पडला’च राहिलं. गावोगावच्या बोलण्यात खाली झुकणारी ती पाटी अजून शाबूत आहे याचं मला फार बरं वाटतं.

आईला मी साल विचारलं नाही. तिला सालं लक्षात राहत नाहीत, आणि विचारलं की ती घाबरून काहीतरी सांगते. मी विचारलं, “हा शर्ट कधीचा?” ती लगेच म्हणाली, “धाकट्या काकांच्या लग्नाचा. मिलोच्या वर्षी. पंगतीला भातच केला होता फक्त, गोडधोड काही नाही. पाणी टँकरचं.” मिलो म्हणजे ती रेशनवरची तांबडी ज्वारी. १९७२चा दुष्काळ आणि त्यापुढचा उन्हाळा ज्यांनी काढला त्यांना या एका शब्दात सगळं समजतं.

मग मी माळ्यावरची ट्रंक काढली. लग्नपत्रिका मिळाली. कडांना हळद लागलेली, शके १८९५, वैशाख महिना. म्हणजे मे १९७३. पण शर्ट लग्नासाठी शिवला म्हणून फोटो तेव्हाचाच, असं कसं म्हणणार? पांढरा शर्ट माणूस पुढे दोन वर्षं घालतो.

उत्तर ट्रंकेतच होतं, एका पिवळ्या पडलेल्या कागदी पाकिटात. अण्णांच्या एका मित्राकडे अॅग्फा क्लिक थ्री कॅमेरा होता, त्याच्या रोलवर बारा चौकोनी फोटो निघायचे. स्टुडिओवाल्यानं रोलचे तीन-तीन फ्रेमचे तुकडे करून दिले होते. तुकड्यांच्या कडेला फ्रेमचे आकडे छापलेले असतात. खिडकीच्या काचेला एक तुकडा लावला. चौथी फ्रेम: यार्ड, तिघं जण, पडलेला सिग्नल. पाचवी: मांडव, काका मुंडावळ्या बांधून. सहावी: काकू, मान खाली, शेजारी माझी आत्या. एकाच पट्टीवर, मधे कापलेलं नाही. वऱ्हाड निघायच्या आधी मित्रानं कॅमेरा यार्डात आणला असणार आणि तोच लग्नाला नेला असणार. खाकी सोडून पांढरा शर्ट का, तेही कळलं. ड्यूटी संपवून अण्णा थेट गाडीत बसणार होते. तेलाचा डबा ठेवायचा राहिला होता तेवढा.

मी कितीतरी वेळ खिडकीशी उभी होते. निगेटिव्हमध्ये अण्णांचा शर्ट काळा दिसतो आणि चेहरा पांढरा.

आता फोटोच्या मागे मी मऊ पेन्सिलीनं लिहिलं आहे: ‘मिरज यार्ड, मे १९७३. आधार: निगेटिव्हची पट्टी, लग्नपत्रिका, ब्रॉडगेज वाघीण.’ नुसतं साल लिहिलं तर पुढच्या पिढीनं त्यावर विश्वास का ठेवायचा? आधार लिहिला तर तिला तो तपासता येईल, चुकला असेल तर सुधारता येईल. शाईचं पेन वापरत नाही, दाब देऊन लिहीत नाही, समोरच्या बाजूला वळ उमटतात. आणि कुणाला पाठवताना आता तीन चित्रं पाठवते: पुढची बाजू कडांसकट, मागची बाजू, आणि निगेटिव्ह असेल तर अख्खी पट्टी. मागच्या बाजूला स्टुडिओचा शिक्का असतो, कागदाच्या कंपनीचं नाव असतं, कधी हिशेब लिहिलेला असतो. ते सगळं कामाचं असतं. तुम्हीही तसंच पाठवा, एवढं माझं मागणं आहे. फोटो किती चांगला आलाय याची काळजी करू नका. धूसर फोटोतल्या कोपऱ्यातला बफर मला पुरला.

त्याच पाकिटातल्या दुसऱ्या तुकड्यावरची सातवी फ्रेम मात्र अडली आहे. काकूंचं माहेर सांगोल्याकडचं, त्यामुळे वऱ्हाड छोट्या गाडीनंच गेलं आणि परत आलं. सातव्या फ्रेममध्ये एक लहान स्टेशन आहे. दगडी भिंत, एक मोठं चिंचेचं झाड, झाडाखाली पाण्याची रांजणं, आणि स्टेशनच्या पाटीचा उजवा अर्धा भाग. त्यावर ‘गाव’ एवढंच वाचता येतं. मिरज ते सांगोला या वाटेवर ढालगाव आहे आणि म्हसोबा डोंगरगावही. लंगरपेठ, जत रोड, जवळे यांचा प्रश्नच येत नाही. पाटीची लांबी मोजून बघितली, पण कॅमेरा तिरका धरलाय. आत्याला विचारलं, ती म्हणते ढालगाव, कारण तिथे गाडी फार वेळ थांबली आणि नवरीला चक्कर आली होती. काकू म्हणतात चक्कर आलीच नव्हती.

त्या भागातलं कुणी हे वाचत असेल आणि घरात एखादा जुना फोटो असेल ज्यात स्टेशनजवळचं चिंचेचं झाड दिसतंय, तर जरूर कळवा. झाडाचा बुंधा जमिनीपासून हातभरावर दोन फांद्यांत फुटलेला आहे, आणि डावी फांदी छपराला टेकलेली आहे.