शंभरचा बल्ब

"साधा बल्ब द्या, शंभरचा. पिवळा."

दुकानदाराने मला नीट न्याहाळलं. "एलईडी घ्या ना काका, बिल कमी येईल." नको म्हटलं. "मग कोंबड्या पाळल्यात का?"

आता याला काय सांगणार, की माळ्यावरून हौशी रेडिओचा एक जुना ट्रान्सीव्हर, म्हणजे बोलायचा-ऐकायचा सेट, उतरवलाय आणि तो थेट मेन्सवर लावायची छाती होत नाहीये! मी नुसतं "हो" म्हटलं.

सिरीज बल्बवर, म्हणजे मेन्स आणि सेट यांच्या मध्ये जोडलेल्या बल्बवर, ज्याचा विश्वास नाही त्याने जुन्या सेटला हात लावू नये, हे माझं ठाम मत. घरचे याला हट्ट म्हणतात. सेट केनवूडचा टीएस-५२०, सत्तरच्या दशकातला. बाकी सगळा ट्रान्झिस्टरचा कारभार, फक्त शेवटाला व्हॉल्व्ह, म्हणजे काचेच्या नळ्या: एक ड्रायव्हर आणि दोन ६१४६. वर्षानुवर्षं पडून राहिले की इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुस्तावतात, एकदम २३० व्होल्ट दिले तर फुटतातसुद्धा. मध्ये बल्ब असला की शॉर्ट असेल तर तो लख्ख पेटतो आणि सेट वाचतो. आमचा भक्कन पेटला, मग मंदावत मंदावत नुसती तांबूस तार उरली. ती तार बघून ज्याला बरं वाटतं त्याच्याशीच माझं जमतं.

मग रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच. कोऱ्या कागदाची पट्टी कॉन्टॅक्टच्या फटीत धरायची आणि हळूच ओढायची. कागदावर काळी रेघ उमटते. रेघ उमटायची थांबली की काम झालं. तिथे पॉलिश पेपर घासणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, उठून जातो. व्हॉल्व्हच्या प्लेटला आठशे व्होल्ट, तेव्हा काम उजव्या हाताने आणि डावा हात खिशात, म्हणजे झटका छातीतून आरपार जायला नको.

खिशातला तो हात पहिल्यांदा पाहिला नानांचा. डोंबिवलीच्या आमच्या चाळीत ते वरच्या मजल्यावर राहायचे आणि असल्याच सेटवर बोलत बसायचे. रविवारी संध्याकाळी दूरदर्शनचा सिनेमा ऐन रंगात आला की पडद्यावर आडवे पट्टे धावायला लागत आणि हिरोच्या तोंडून बदक बोलायला लागे. "लागले नाना!" अख्खी चाळ ओरडायची. मी तक्रार घेऊन वर गेलो की नाना वही काढायचे. "हे बघ, मी बोलतोय २१ मेगाहर्ट्झवर. त्याच्या तिपटीवरही थोडं निसटतं. तिप्पट किती? ६३. आणि टीव्हीचा चौथा चॅनेल ६१ ते ६८. म्हणजे होणारच ना!" गणित चोख होतं. खाली येऊन मी ते सांगितल्यावर कोणाचाही राग कमी झाला नाही. शेवटी सिनेमा संपेपर्यंत नानांनी फक्त ऐकायचं, असा तह झाला.

एवढं चाळीचं वैर पत्करून नाना जगाशी बोलायचे तरी काय? मी कान लावून बसायचो. "तुम्ही इकडे फाईव्ह नाईन. मी तिकडे कसा येतोय?" म्हणजे आवाज स्पष्ट आणि जोरात येतोय. पलीकडचाही तेच. मग अँटेना कोणती, सेट कोणता. रेडिओवर बोलायचं ते रेडिओबद्दलच! मला मोठी फसवणूक वाटायची.

२००४च्या डिसेंबरात भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी याच छंदापायी पोर्ट ब्लेअरला गेले होते. अंदमानहून जगाला असंच फाईव्ह नाईन वाटत होते. २६ तारखेला त्सुनामी आली, फोन गेले. मग त्याच सेटवरून माणसांची नावं जायला लागली. अमुक सुखरूप, घरी कळवा. तमुकचा पत्ता लागत नाही.

तर आमचा सेट लागला. सेट अँटेनाशी जुळवायला प्लेटचा नॉब फिरवून मीटरचा काटा खाली पाडला, लोड वाढवला, परत पाडला. सकाळी चाळीस मीटरच्या बँडवर हैदराबादचे एक गृहस्थ भेटले. फाईव्ह नाईन म्हणाले. मीही म्हटलं, फाईव्ह नाईन. मग दोघंही गप्प.

"हवा कशी आहे तिकडे?" त्यांनी विचारलं.

"उकडतंय."

त्यांच्याकडेही उकडतच होतं.