काउंटरच्या आतली फार्मसी

मेथोट्रेक्सेट नावाची गोळी संधिवातासाठी दिली जाते, तेव्हा ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. तीच चुकून रोज घेतली गेली, तर अस्थिमज्जेचे काम मंदावते, रक्तपेशी घटतात आणि रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका आजींची सून ही गोळी घ्यायला आमच्या काउंटरवर आली होती. चिठ्ठीवर डॉक्टरांनी वार स्पष्ट लिहिला होता, तरी पैसे देता देता तिने सहज विचारले, "रोज जेवणानंतरच ना?" मी स्ट्रिप परत हातात घेतली, पाकिटावर मोठ्या अक्षरांत 'फक्त रविवारी' असे लिहिले आणि तिच्याकडून ते दोनदा वदवून घेतले. आपण चार वर्षे जे शिकलो ते कशासाठी, हे मला त्या दिवशी पुरते उमगले.

हे आठवण्याचे कारण माझी भाची. बारावीनंतर एमएचटी-सीईटी देऊन ती बी.फार्म. या औषधशास्त्राच्या चार वर्षांच्या पदवीचा विचार करते आहे आणि तिचा प्रश्न सरळ होता: "मामा, एवढं शिकून शेवटी मेडिकलमध्येच बसायचं का?"

बसायलाच हवे असे नाही. बी.फार्म.नंतर तारापूर, वाळूज किंवा गोव्यातील वेर्णा येथील कारखान्यांत उत्पादन, गुणवत्ता नियंत्रण आणि गुणवत्ता हमी या विभागांत काम मिळते. ज्याला मोजमापाची आणि काटेकोर नोंदींची आवड आहे, त्याने तिकडे अवश्य जावे. २० गोळ्या एकेक करून तोलायच्या, प्रत्येकीचे वजन सरासरीपासून किती ढळते ते पाहायचे आणि आकडा त्याच क्षणी शाईने नोंदवायचा, या कामात मला स्वतःला फार समाधान मिळत असे. परदेशात औषध विकण्याची परवानगी मिळवण्यासाठी कागदपत्रे तयार करणारा रेग्युलेटरी विभाग, औषधांचे दुष्परिणाम नोंदवून तपासणारे फार्माकोव्हिजिलन्सचे काम, लोकसेवा आयोगामार्फत होणारी औषध निरीक्षकाची निवड आणि जीपॅट ही प्रवेश परीक्षा देऊन एम.फार्म. ही पदव्युत्तर पदवी या वाटाही आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रातील औषध निर्माण अधिकारी हे पद तर दोन वर्षांचे डी.फार्म. करणाऱ्यालाही खुले असते. डी.फार्म. झालेल्याला पुढे बी.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश घेता येतो, त्यामुळे आधी पदविका घेतली म्हणून कोणाचे दार बंद होत नाही. रुग्णालयात डॉक्टरांसोबत काम करण्याची ओढ असेल, तर २००८ मध्ये सुरू झालेला सहा वर्षांचा फार्म.डी. हा अभ्यासक्रम आहे, ज्याचे शेवटचे वर्ष इंटर्नशिपचे असते.

मला खटकतो तो तिच्या प्रश्नातला 'शेवटी' हा शब्द. काउंटर कमी दर्जाचे ठरले, ते काही अंशी आपल्याच व्यवसायातील लोकांमुळे. पदवी मिळाल्यावर मला पहिला प्रस्ताव आला तो एका औषध दुकानाच्या भिंतीवर माझे प्रमाणपत्र लावून दरमहा घरबसल्या पैसे घेण्याचा. दुकानात येण्याची गरज नाही, असे मालकाने वर सांगितले. फार्मसी कायदा १९४८ चा आहे आणि चिठ्ठीवरची औषधे नोंदणीकृत फार्मासिस्टच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच द्यावीत असा नियमही जुना आहे. तरीही असे प्रमाणपत्र भाड्याने देणारे आपल्याला आजही भेटतात. प्रमाणपत्र भाड्याने जाते, तेव्हा त्या काउंटरवर 'रोज ना?' या प्रश्नाला उत्तर देणारा माणूसच उरत नाही.

असे प्रश्न रोज येतात. मधुमेहाची एसआर गोळी मोठी वाटते म्हणून घरी कुटून दिली जाते. पण ती औषध हळूहळू सोडेल अशा रीतीने बनवलेली असते आणि कुटली की तासन्‌तास पुरायचा डोस एकदम रक्तात उतरतो. हे फार्मास्युटिक्सच्या, म्हणजे औषधे घडवण्याच्या शास्त्राच्या, तासाला बसलेल्यालाच सांगता येते. सर्दीसाठी कोणी चिठ्ठीशिवाय सेफिक्झिम मागतो. ते शेड्यूल एच-१ या कडक नियमांच्या यादीतले प्रतिजैविक आहे. चिठ्ठीवरच द्यायचे, डॉक्टर आणि रुग्ण यांचे तपशील वेगळ्या वहीत लिहायचे आणि ती वही तीन वर्षे जपायची. गिऱ्हाईक रागावून शेजारच्या दुकानात जाते, मालकाचा चेहरा उतरतो, तरीही 'नाही' म्हणावे लागते. सुरुवातीचा पगार तुटपुंजा असतो आणि दिवसभर उभे राहून पाय भरून येतात, हेही मी भाचीपासून लपवले नाही.

प्रवेशफेरीचे पर्याय भरण्याआधी तिने दोन गोष्टी पाहाव्यात, एवढे मी सुचवले आहे: महाविद्यालयाला फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता आहे का आणि तिथल्या मुलांना यंत्रे स्वतःच्या हाताने चालवायला मिळतात का. मान्यता घरी बसून तपासता येते. दुसऱ्या गोष्टीसाठी आम्ही येत्या शनिवारी दोन महाविद्यालयांत जाणार आहोत आणि परतताना ती दोन तास माझ्याबरोबर काउंटरच्या आतल्या बाजूला उभी राहणार आहे.