जिथे कुणाचीच चूक नाही

रविवार, रात्री उशिरा

आज ‘इशानौ’ पुन्हा पाहिला. अरिबम श्याम शर्मांचा १९९० चा मणिपुरी सिनेमा, जेमतेम दीड तासाचा. झोप येणार नाही हे कळून चुकलंय, म्हणून लिहायला बसले.

प्रेमकथा म्हटलं की आडवं येणारं कुणीतरी लागतंच. मुलीचा बाप, जात, पैसा, नाहीतर तिसरा माणूस. इथे तसं काहीच नाही. तांफा आणि धनबीर हे इम्फाळच्या खोऱ्यातलं साधं जोडपं. त्याची सरकारी नोकरी, लहानगी बेमबेम, आणि घरात तांफाची आई. लेकीचे कान टोचायचे आहेत, पैसे साठवून दुचाकी घ्यायची आहे. एवढ्याच त्यांच्या गप्पा. पण त्या गप्पांत जी माया आहे ना, ती मला कुठल्याही मोठ्या प्रेमप्रसंगात दिसत नाही. दोघांना एकमेकांची सवय झालेली आहे आणि ती सवयच आवडते, असं प्रेम. पडद्यावर हे दाखवणं फार अवघड. अनौबम किरणमाला आणि कांगबम तोंबा यांनी ते काहीच न दाखवल्यासारखं दाखवलंय.

मग तांफा बदलते. तिला चक्कर येते, ती फुलांशी बोलायला लागते, कशातच तिचं मन रमत नाही. घरच्यांना वाटतं काहीतरी आजार आहे. आणि एका रात्री ती घर सोडून धावत सुटते, आपल्या गुरूच्या शोधात. देवाने तिला निवडलंय. ती आता मैबी होणार, म्हणजे मणिपूरच्या खोऱ्यात राहणाऱ्या मैतेयी लोकांच्या जुन्या देवांची पुजारीण. धनबीरला बायको परत हवी आहे, पण भांडायचं कुणाशी?

आपल्याकडे देवीचं वारं अंगात येणाऱ्या बायका मी लहानपणी पाहिल्यात. वारं उतरलं की बाई पदर सावरून घरी जाते, दुसऱ्या दिवशी भाकऱ्या थापते. मैबीचं तसं नाही. हाक आली की पुढे रीतसर शिक्षण असतं, जुनी स्तोत्रं, नाच, विधी सगळं गुरूकडून शिकायचं. पांढरी वस्त्रं नेसलेल्या या बायकांना समाजात मोठा मान असतो. लाइ हराओबा म्हणजे देवांना रिझवण्याचा उत्सव, तो त्यांच्याशिवाय होतच नाही. पाण्याकाठी जाऊन त्या देवाला पाण्यातून बोलावून आणतात. पेना हे एकतारी वाद्य वाजत असतं आणि मैबी नाचतात.

त्या नाचात काय असतं हे वाचलं तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही. मैबी हातांच्या मुद्रांनी बाळाचं शरीर घडवतात, त्याला जन्म देतात. मग त्याच्यासाठी घर बांधतात, कापूस पेरतात, सूत काततात, कापड विणतात. म्हणजे तांफाने मागे टाकलेला अख्खा संसार! जिने स्वतःचं घर आणि लेक सोडली, तिने देवापुढे रोज नव्याने घर उभारायचं, मूल जन्माला घालायचं. तिचं काय गेलं आणि तिला काय मिळालं, याचा हिशेब मला अजून मांडता येत नाही. आणि वर्षांनी उत्सवाच्या गर्दीत मायलेकी समोरासमोर येतात, पण लेक तिला आई म्हणून ओळखत नाही. तिथे मी दर वेळी रडते. आजही रडले.

कथा-पटकथा एम. के. बिनोदिनी देवींची. मणिपूरचे महाराज चुराचांद यांची ही मुलगी. राजकन्या सनातोंबी आणि इंग्रज अधिकारी मॅक्सवेल यांच्या नात्यावरची कादंबरी तिचीच, त्या कादंबरीला १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला होता. प्रेमात पडलेल्या बाईला बाहेरून न्याय द्यायचा नाही, तिच्या आत जाऊन बसायचं, हे बिनोदिनींना पक्कं ठाऊक आहे. म्हणूनच तांफा वेडी वाटत नाही आणि देवीही वाटत नाही. ती बाई वाटते.

१९९१ मध्ये हा सिनेमा फ्रान्समधल्या कानच्या चित्रपट महोत्सवात दाखवला गेला होता. पुढे मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने त्याची जुनी प्रत दुरुस्त करून नवी केली आणि मे २०२३ मध्ये तो पुन्हा कानला गेला. त्याच महिन्यात मणिपूर पेटलं, हजारो लोकांची घरं गेली. आपल्या बातम्यांत मणिपूर तेव्हाच आलं, तेही जळताना. माझ्या ओळखीच्या कितीतरी लोकांना इम्फाळची फक्त तेवढीच चित्रं माहीत आहेत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कान टोचायचा खर्च जुळवत बसलेलं ते जोडपंही मणिपूरच आहे. ते आधी भेटायला हवं होतं.

पुढच्या रविवारी सासूबाईंना दाखवायचा आहे. सबटायटल्स मी वाचून सांगेन, नाचाच्या वेळी मात्र गप्प बसेन. त्यांनी आयुष्यभर देवीचं सगळं मनापासून केलंय आणि संसारही तितक्याच निष्ठेने केलाय. त्या तांफाची बाजू घेतात की धनबीरची, हे मला ऐकायचंय. मी आज धनबीरची घेतली. मागच्या वेळी तांफाची घेतली होती.