यादीबाहेरचे शब्द

निपाणीत संध्याकाळी मी बँकेच्या परीक्षांसाठी इंग्रजी शिकवतो. क्लासच्या मालकांनी हजार अवघड शब्दांची यादी छापलीय. ऑबफस्केट, इफेमरल, युबिक्विटस. मुलांना झोपेतून उठवून विचारा, अर्थ तयार. उतारा समोर ठेवला की तिसऱ्या ओळीला अडतात. भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांनी २००६ साली हिशेब मांडला होता: कुणाच्या मदतीशिवाय पुस्तक वाचायचं तर त्यातले ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात, आणि त्यासाठी ८ ते ९ हजार शब्दकुळं, म्हणजे एका मूळ शब्दापासून बनलेल्या शब्दांचे गट, यावी लागतात. आमच्या मुलांकडे शाळेतले थोडे आणि यादीतले हजार. मधला मजलाच बांधलेला नाही. हे मालकांना सांगून बघितलं. यादी विकली जाते, मधला मजला विकला जात नाही.

म्हणून बाबासाहेबांचं ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ काढलं. छोट्या आठवणी, इंग्रजी स्वच्छ, आणि त्यांची १९२५ची निपाणीची परिषद इथल्या कितीतरी घरांत अजून सांगितली जाते. माझा नियम असा: पहिल्या वाचनात डिक्शनरी बंद, मोबाईल उलटा. अडला शब्द तर पेन्सिलीचा ठिपका द्यायचा, अधोरेखित करायचं नाही. रेघ मारली की डोळा दरवेळी तिथंच थांबतो. दुसऱ्या वाचनात वहीत अर्थ नव्हे, अख्खं वाक्य उतरवायचं. आठवड्यानं तोच शब्द वापरून स्वतःचं वाक्य. मुलांना ह्याचा भयंकर कंटाळा.

त्या दिवशी त्यातला बाबासाहेबांचा लहानपणीचा १९०१चा प्रवास चालला होता. नवी धोतरं, जरीच्या टोप्या घातलेली पोरं मसूर स्टेशनात उतरतात, वडिलांचा माणूस येत नाही. स्टेशनमास्तर आधी आपुलकीनं विचारपूस करतो. जात कळताच त्याचा चेहरा बदलतो. तिथं ‘रिपल्शन’ हा शब्द आहे, म्हणजे किळस. सायन्सची पोरं म्हणाली, चुंबकाचं ना? पुढं दुप्पट भाडं, बैलगाडी, टोलवाला.

“सर, कोगनोळीचा नाकाच की ओ हा!” एकजण हसला. टोलवाला पाणी देत नाही, डबे भरलेले असून पोरं उपाशी झोपतात, हे वाचल्यावर तोच म्हणाला, “पण ह्यातला परीक्षेला कुठला येणार?”

मागच्या बाकावरच्या मुलीची वही नंतर तपासली. तिची आई विड्या वळते. तिनं लिहिलं होतं, विड्या तपासणारा चेकर आईच्या सुपातल्या विड्या रिपल्शननं बघतो, मूठभर विड्या छाट म्हणून बाद करतो आणि त्याचे पैसे देत नाही. आर्टिकल दोन ठिकाणी गाळलेलं, काळ चुकलेला. शब्द मात्र जिथं बसायला हवा तिथंच बसलेला. तीच मुलगी त्याच आठवड्यात यादीच्या चाचणीत शेवटून दुसरी आली, आणि मालकांनी तिचं नाव फळ्यावर लिहिलं. फळ्यावर नावं लिहून कुणाचं इंग्रजी सुधारलेलं मी तरी पाहिलं नाही.

तिला किती मार्क द्यायचे, हे अजून ठरत नाही. आर्टिकल चुकलं की क्लोज टेस्टमध्ये, म्हणजे उताऱ्यातल्या गाळलेल्या जागा भरताना, मार्क जातो, हेही खरंच. बँक चेकरची गोष्ट ऐकायला बसलेली नाही. तूर्त लाल पेनानं आर्टिकलं घातली आणि वही परत दिली. तिनं विचारलं, बडोद्याचं प्रकरण कधी? पारशी सराईतलं ते. झेरॉक्सचा खर्च क्लास देणार नाही, असं मालकांनी कालच बजावलंय. दुकानदार ओळखीचा आहे, उधारीवर काढून देतो म्हणाला.